कंठात किती आणि कोठारात किती?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सरोजिनी नगर, लखनौ येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानासाठी आम्ही जो विषय निवडला आहे, तो प्रथमदर्शनी या व्यासपीठाला थोडा परका वाटेल. तो संगणकशास्त्रातला आहे. आज आपल्यापैकी बहुतेक घरांतील एखादा मुलगा, सून वा भाचा या व्यवसायात आहे. या मंडळींना एक प्रश्न नेहमी पडतो. कार्यक्रमास, म्हणजे प्रोग्रॅमला, लाखो नोंदींची एखादी यादी पुन्हापुन्हा चाळावी लागत असेल, तर ती सबंध यादी संगणकाच्या स्मृतीत, म्हणजे मेमरीत, भरून ठेवावी. की डेटाबेसमध्ये, म्हणजे माहितीच्या कोठारात, ठेवून लागेल ती नोंद लागेल तेव्हा मागवावी? आमचे म्हणणे एवढेच आहे की हा प्रश्न संगणकाने जन्माला घातलेला नाही. कंठात किती ठेवावे आणि कोठारात किती, याचा विचार आपल्या समाजाने शतकानुशतके केला आहे, आणि आपल्यासारख्या घरापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांना तर तो आज टाळता येण्यासारखा उरलेला नाही.

प्रथम प्रश्न नीट समजून घेऊ. भगिनीवर्गास तो चटकन कळेल. मोहरी, जिरे, हिंग, हळद, तिखट ही मिसळणाच्या डब्यात असतात आणि डबा शेगडीच्या हाताशी असतो. वर्षभराचे तांदूळ, गहू, डाळी मात्र कोठीच्या खोलीत. फोडणी देताना कोणी कोठीच्या खोलीत धावत नाही आणि वर्षाचा गहू कोणी मिसळणाच्या डब्यात भरू पाहत नाही. संगणकाची मेमरी हा मिसळणाचा डबा होय आणि डेटाबेस ही कोठी होय.

या दोहोंतील अंतर किती, हे आकड्यांनी पाहण्याजोगे आहे. मेमरीतून एखादी नोंद उचलण्यास सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास वेळ लागतो. फिरत्या तबकडीवरून तीच नोंद शोधून आणण्यास सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. दोन्ही वेळा आपल्याला क्षणाहून लहानच वाटतात. पण पहिल्याला जर एक सेकंद मानले, तर त्या मानाने दुसऱ्याला सत्तावीस-अठ्ठावीस तास होतात. अलीकडे तबकडीवाचून चालणारी साठवण आली आहे. ती पुष्कळ वेगवान असली तरी मेमरीच्या मागे शेकडो पटींनी राहते. मग सगळेच मेमरीत का ठेवू नये? त्याला तीन अडचणी आहेत. मेमरी महाग आणि मर्यादित असते. वीज गेली की तिच्यातील सारे पुसले जाते. आणि दहा यंत्रांनी आपापल्या मेमरीत तीच यादी ठेवली व मूळ यादीत फरक पडला, तर दहांपैकी कोणाजवळ खरी यादी आहे हे सांगता येत नाही. या तीन अडचणी श्रोत्यांनी ध्यानात ठेवाव्यात, कारण पुढे त्या माणसांच्या बाबतीतही भेटणार आहेत.

आता या प्रश्नाचे आपल्या पायाखालचे उदाहरण घेऊ. आपण जमलो आहो ते सरोजिनी नगर लखनौ-कानपूर रस्त्यावरचे, अमौसी विमानतळाजवळचे. दुसरे सरोजिनी नगर दिल्लीत आहे. स्वातंत्र्यानंतरच्या संयुक्त प्रांतांच्या पहिल्या राज्यपाल सरोजिनी नायडू यांचे १९४९ साली लखनौतच निधन झाले. त्यांच्या नावाच्या वसाहती देशात ठिकठिकाणी आहेत, आणि तो त्यांचा गौरवच आहे. परंतु टपालखात्याच्या दृष्टीने तो घोटाळा आहे. पत्त्यावर नुसते ‘सरोजिनी नगर’ असले, तर पत्राने कोणत्या गाडीत बसावे? अशी नावे काही थोडी नाहीत. हमीरपूर उत्तर प्रदेशातही आहे आणि हिमाचलातही. बिलासपूर छत्तीसगडात आहे, तसेच हिमाचलात आहे. औरंगाबाद बिहारात आहे आणि महाराष्ट्रातही त्या नावाचे शहर होतेच. त्यात कोणी पत्ता मराठीत लिहिणार, कोणी तमिळमध्ये, कोणी उर्दूत.

हे ओझे पूर्वी कोणाच्या डोक्यावर होते? रेल्वे मेल सर्व्हिसच्या सॉर्टरच्या. धावत्या गाडीच्या टपालडब्यात, खणाखणांच्या फडताळापुढे उभे राहून, पत्ता वाचताक्षणी पत्र योग्य खणात टाकायचे, हे त्याचे काम. पुस्तक उघडून पाहण्यास सवड नाही. कोणत्या गावाचे टपाल कोणत्या थैलीत जाते, कोणत्या जंक्शनवर उतरते, ही यादी त्याला मुखोद्गत असावी लागे. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर टपालखात्याची अवाढव्य संदर्भसूची हजारो माणसांच्या मेमरीत साठवलेली होती, आणि ती नजर टाकण्याइतक्या वेळात उत्तर देत असे. ही विद्या सामान्य नव्हे. पण मघाच्या तिन्ही अडचणी येथे उभ्या राहतातच. एका माणसाच्या डोक्यात मावेल एवढेच क्षेत्र त्याला देता येई. तो निवृत्त झाला की यादी त्याच्याबरोबर घरी जाई. नवे टपालघर उघडले किंवा गाडीचा मार्ग बदलला की शेकडो डोक्यांत एकाच वेळी दुरुस्ती करावी लागे.

यावर तोड काढणारा अधिकारी मराठी होता, हे येथे अभिमानाने सांगितले पाहिजे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्यांचे नाव. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात ते अतिरिक्त सचिव होते आणि डाक-तार मंडळाचे ज्येष्ठ सदस्य होते. त्यांनी योजलेली पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी दिनी, सुरू झाली. वेलणकर हे संस्कृतचे नामवंत कवीही होते. ज्या भाषेचे वाङ्मय पाठांतराच्या बळावर टिकले, त्या भाषेच्या कवीने देशाच्या टपालखात्याच्या स्मरणावरचे ओझे हलके करावे, हा योग मोठा मनोज्ञ आहे.

पिनकोडची रचना पाहण्यासारखी आहे. आपल्या सरोजिनी नगराचा क्रमांक २२६००८. त्यातला पहिला २ म्हणजे उत्तर प्रदेश व उत्तराखंड यांचा विभाग. दुसरा अंक त्याच्या पोटातला उपविभाग दाखवतो. पहिले तीन अंक मिळून, म्हणजे २२६, लखनौचा छाननी जिल्हा सांगतात. शेवटचे तीन अंक, ००८, हे त्या जिल्ह्यातले टपालघर. दिल्लीच्या सरोजिनी नगराचा क्रमांक ११००२३, त्यामुळे दोन्ही सरोजिनी नगरे पहिल्याच अंकाला वेगळी होतात. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा विभाग ४, म्हणून मुंबईचे क्रमांक ४०० ने, पुण्याचे ४११ ने आणि नागपूरचे ४४० ने सुरू होतात. ९ हा अंक सैन्याच्या टपालासाठी राखून ठेवला आहे.

आता यातील खुबी पाहा. देशात दीड लाखाहून अधिक टपालघरे आहेत आणि पिन क्रमांक एकोणीस हजारांच्या घरात आहेत. वेलणकरांनी सॉर्टरला हे एकोणीस हजार क्रमांक पाठ करावयास लावले नाहीत, की प्रत्येक पत्रामागे जाडजूड पुस्तक उघडावयास सांगितले नाही. पुण्यातल्या सॉर्टरने फक्त २२६ पाहायचे आणि पत्र लखनौच्या थैलीत टाकायचे. ००८ म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असण्याचे कारणच नाही. ते लखनौचा सॉर्टर पाहील. पहिला अंक १ ते ८ यांपैकी धरला, तर तीन अंकांचे आठशेहून अधिक गट होऊच शकत नाहीत. म्हणजे माणसाच्या डोक्यात सहज राहतील एवढ्या नोंदी कंठस्थ झाल्या, आणि उरलेल्या सगळ्या कोठारात गेल्या. ‘कंठ की कोठार’ असा वाद न घालता त्यांनी दोघांमध्ये कामाची वाटणी करून दिली. आमच्या मते या प्रश्नाचे खरे उत्तर ही वाटणीच होय.

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रातील औरंगाबादचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. नाव पालटले, पण तेथील ४३१००१ हा क्रमांक होता तसाच राहिला. कोठाराला कुलूप लावताना किल्ली अशी घ्यावी, जी नावांच्या बदलाबरोबर बदलत नाही. हे आमच्या संगणकवाल्या पुतण्या-भाच्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे.

मग कंठात नेमके काय ठेवावे? याचे उत्तर आपल्या अंकलिपीत आहे. एक ते तीस पाढे म्हणजे तीनशे उत्तरे. आकाराने लहान, कधीही न बदलणारी आणि दिवसातून दहा वेळा लागणारी. मेमरीत ठेवण्यास याहून योग्य सामग्री शोधून सापडणार नाही. जुन्या पिढीने याखेरीज पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही घोकली. आजच्या मुलांसाठी सांगतो की औट म्हणजे साडेतीन. साडेतीन आणे शेराने सात शेर जिन्नस घेतला तर किती, असे वाण्याने विचारले की औटकी येणारा मुलगा कागद न घेता म्हणे, साडेचोवीस आणे, म्हणजे एक रुपया साडेआठ आणे. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण असलेल्या बाजारात ही कोष्टके म्हणजे खरोखर खिशातले धन होते.

परंतु १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि पुढील वर्षापासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅमची वजने आली. लक्षावधी डोक्यांत मेहनतीने साठवलेली आणे-शेरांची कोष्टके पाहतापाहता निरुपयोगी झाली. सरकारी पुस्तकातले कोष्टक एका आदेशाने बदलले. पण माणसांच्या डोक्यातले आणे निघायला कित्येक वर्षे लागली. ‘सोळा आणे खरे’ हा वाक्प्रचार तर अजून आपल्या तोंडी आहे. यावरून नियम निघतो तो असा. जे बदलत नाही ते कंठात शोभते. जे बदलणारे आहे ते कोठारात असावे, म्हणजे एका जागी दुरुस्त केले की सर्वांना दुरुस्त मिळते. दोनाचा पाढा १९५७ साली बदलला नाही. बदलला तो बाजाराचा व्यवहार.

येथे एक तिसराही मार्ग आहे. ठेवावयाचेच कमी करावे! आर्यभटाने चोवीस अर्धज्यांची अंतरे, २२५ पासून आरंभ करून, एका श्लोकात बसवली. ग्रहगणिताला लागणारे सारे कोष्टक एका दमात म्हणता येईल एवढे आटोपशीर केले. पुढे कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ग्रहलाघव लिहिले आणि अशी रीत बसवली की ग्रह काढण्यासाठी त्या ज्याकोष्टकाचीच गरज पडू नये. दिवसांची प्रचंड गणती टाळण्यासाठी त्याने अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे, चक्र धरले. पण हाच गणेश दैवज्ञ पाच वर्षांनी तिथिचिंतामणी लिहितो आणि त्यात तयार कोष्टके देतो. ग्रहांसाठी सुटसुटीत रीत. तिथी मात्र पंचांगकर्त्याला वर्षातल्या प्रत्येक दिवसाची लागते, तिच्यासाठी आयते कोष्टक. कोणते उत्तर साठवावे आणि कोणते प्रत्येक वेळी काढावे, याचा पाचशे वर्षांपूर्वीचा हा विवेक आजच्या कोणाही संगणकतज्ज्ञाने आदर्श म्हणून घ्यावा. टपालखात्याने २०२५ साली आणलेला दहा चिन्हांचा डिजिपिनही याच वाटेने गेला आहे. तो अक्षांश-रेखांशांवरून हिशेबाने निघतो. त्यासाठी यादी चाळावी लागत नाही.

येथवर आपण अंकांविषयी बोललो. आता अशा एका संग्रहाकडे वळू, ज्याच्याबाबत चूक झाली असती तर पुन्हा मिळण्याची आशाच नव्हती. त्याची कथा याच लखनौ शहराची आहे.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० सालचा, मुंबईच्या वाळकेश्वरचा. पेशाने वकील. त्यांच्या तरुणपणी हिंदुस्थानी संगीताची सारी संपत्ती उस्तादांच्या आणि पंडितांच्या कंठात होती. एकेका घराण्याजवळ शेकडो चीजा होत्या आणि त्या शिष्याला वर्षानुवर्षांच्या सेवेनंतर एकेक मिळत. काही चीजा तर लेकीच्या लग्नात दहेज म्हणून दिल्याच्या आठवणी सांगितल्या जातात. या पद्धतीला दोष देणे सोपे आहे. पण कंठ हेच जेव्हा एकमेव कोठार असते आणि तीच पोटापाण्याची मिळकत असते, तेव्हा मालक किल्ली सहजासहजी देत नाही, हेही समजून घेतले पाहिजे. मात्र गायक गेला की त्याच्याबरोबर चीजा जात. वीज गेल्यावर मेमरीचे जे होते, तेच.

भातखंड्यांनी वकिली मागे टाकून देश पालथा घातला. दक्षिणेत गेले, ग्रंथालये पाहिली, जयपूरच्या महंमद अली खाँसारख्या बुजुर्गांकडून शेकडो चीजा मिळवल्या, रामपूरच्या वजीर खाँचे शिष्यत्व पत्करले. मिळालेले लिहून ठेवण्यासाठी सुटसुटीत स्वरलिपी बसवली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब, समेला फुली आणि खालीला शून्य. कोणत्याही छापखान्यात जुळवता येईल आणि मराठी चौथी शिकलेल्या मुलाला वाचता येईल, इतकी सोपी. या लिपीत त्यांनी क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग सिद्ध केले. त्यांत दीड हजारांहून अधिक चीजा आहेत. मूळ लेखन मराठीत. १९३६ साली त्यांचे निधन झाले आणि शेवटचे भाग त्यानंतर प्रसिद्ध झाले.

परंतु नुसता संग्रह म्हणजे कोठार नव्हे. पेशवे दफ्तराचे उदाहरण घ्या. पुण्यात मोडी कागदांचे हजारो रुमाल १८१८ नंतर शतकभर बांधलेले पडून होते. कागद होते, पण कोणत्या रुमालात काय आहे हे सांगणारे कोणी नसल्याने अभ्यासकाच्या दृष्टीने ते असून नसल्यासारखेच होते. १९३० ते १९३४ या काळात रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून निवड करून पंचेचाळीस खंड संपादित केले, तेव्हा कुठे त्या रुमालांना वाचा फुटली. कोठाराची खरी किंमत त्याच्या सूचीत असते. भातखंड्यांना हे पक्के उमगले होते. म्हणून त्यांनी राग दहा थाटांत लावले: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. या वर्गीकरणावर पंडितांनी आक्षेप घेतले आहेत आणि काही राग त्यात नीट बसत नाहीत हेही खरे आहे. पण दहा खणांचे ते फडताळ नसते, तर ग्रंथात उतरलेल्या चीजा रुमालांसारख्याच पडून राहिल्या असत्या.

आणि तरीही भातखंडे पुस्तके छापून थांबले नाहीत, हे आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. मींड कशी घ्यावी, गंधार कोठे आंदोलित करावा, हे कोणत्याही लिपीत पुरते उतरत नाही. कागदावर उतरतो तो सांगाडा. म्हणून १९२६ साली त्यांनी राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने लखनौत संगीत महाविद्यालय उभे केले. तत्कालीन गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावाने ते मॅरिस कॉलेज म्हणून ओळखले गेले. पुढे त्याला भातखंड्यांचे नाव मिळाले आणि आता ते विश्वविद्यापीठ आहे. तेथे त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी दीर्घकाळ प्राचार्यपद सांभाळले. के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, सुमती मुटाटकर, दिनकर कायकिणी अशी शिष्यपरंपरा त्यांच्या हाताखाली तयार झाली. म्हणजे कंठातून ग्रंथात आणलेले धन पुन्हा कंठात घातले गेले. पण आता एका घराण्याच्या कंठात नव्हे, तर जो शिकेल त्याच्या. ग्रंथ शाश्वत ठेव आणि कंठ तिची रोज वापरातली प्रत, असा हा संबंध. जाणकार संगणकतज्ज्ञ आज नेमके हेच सांगतात. मूळ खरी प्रत डेटाबेसमध्ये असावी, आणि जे वारंवार लागते तेवढे मेमरीत उचलून ठेवावे. मेमरी पुसली गेली तरी कोठारातून पुन्हा भरता येते. मूळच जर फक्त मेमरीत असेल, तर ते परत आणण्यास जागा उरत नाही.

कोणी म्हणेल, वेद तर न लिहिता टिकले, मग कंठावर अविश्वास कशाला? हा आक्षेप मोलाचा आहे. पण वेद एका कंठात टिकले नाहीत. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी तेच शब्द उलटसुलट गुंफून म्हटले जात, म्हणजे एक अक्षर चुकले तरी लगेच ध्यानी यावे. आणि तेच पाठ काशीपासून कोकणापर्यंत असंख्य कंठांत एकाच वेळी असत. एक प्रत बिघडली तर दहा प्रती तिला दुरुस्त करीत. जेथे एवढी जागरूक व्यवस्था असेल, तेथे कंठावर खुशाल विसंबावे. आपल्या मंडळाजवळ अशी व्यवस्था आहे काय, हा प्रश्न मात्र विचारला पाहिजे.

आता त्याच प्रश्नाकडे येतो. मंडळाला पन्नास वर्षे झाली. या पन्नास वर्षांची माहिती आज कोठे आहे? काही थोडी इतिवृत्ताच्या वह्यांत असेल. बाकी सारी येथे पुढच्या रांगेत बसलेल्या आजी-आजोबांच्या स्मरणात आहे. पहिला गणपती कोणाच्या घरी बसला, पहिल्या नाटकाचे पडदे कोणी रंगवले, मंगळागौरीचे कोणते खेळ कोण शिकवीत असे, बदली होऊन आलेल्या कुटुंबाला पहिला महिना कोणी जेवू घातले, हे त्यांना विचारा. क्षणात उत्तर मिळेल, कारण मेमरीचा वेग मोठाच असतो. पण त्यांतील एकेक दिवा मालवत जातो आणि त्याबरोबर एकेक दालन कायमचे अंधारते. गेल्या काही वर्षांत आपण किती जणांना निरोप दिला, ते येथे उच्चारून सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्रात एक कंठ मिटला तर शेजारी दुसरा असतो. येथे, घरापासून इतक्या दूर, पुष्कळदा तो एकच असतो.

दुसऱ्या बाजूस आपली तरुण पिढी आहे. तिने सर्व काही कोठारात टाकले आहे. हजारो छायाचित्रे भ्रमणध्वनीत आहेत. पण त्यातील माणसे कोण, हे कोठेच लिहिलेले नाही. हे आपल्या घरचे पेशवे दफ्तर, फक्त रुमालाऐवजी यंत्रात बांधलेले. आणि कंठ मात्र रिता. भ्रमणध्वनी हरवला तर आईचा क्रमांक सांगता येत नाही, गावच्या घराचा पत्ता येत नाही, आरतीचे दुसरे कडवे येत नाही. यंत्र विचारल्यास सारे सांगते हे खरे. पण आरतीला उभे राहिल्यावर यंत्राला विचारायचे, तर टाळ कोणी वाजवायचे?

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी आम्ही मंडळापुढे दोन कामे नम्रपणे ठेवतो. पहिले कंठातून कोठारात नेण्याचे. दर रविवारी दोन तरुणांनी एका ज्येष्ठ सभासदाच्या घरी जावे. त्यांच्या आठवणी, गाणी, खेळ, पाककृती ध्वनिमुद्रित कराव्यात आणि लिहूनही घ्याव्यात. प्रत्येक जुन्या छायाचित्रामागे नावे आणि साल लिहावे. या सर्वांची एक सूची असावी आणि ती सांभाळणारा एक नेमलेला माणूस असावा, कारण सर्वांचे काम ते कोणाचेच नसते. प्रती दोन असाव्यात, आणि त्या दोन वेगळ्या घरी असाव्यात.

दुसरे काम कोठारातून कंठात आणण्याचे. सगळे पाठ करा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. वेलणकरांनी सॉर्टरवर केली तेवढी दया मुलांवरही करावी. पण जे थोडे आहे, जे बदलत नाही आणि जे जन्मभर लागणार आहे, ते कंठात हवेच. तीसपर्यंत पाढे, आई-वडिलांचे दूरध्वनी क्रमांक, आजोळचा पत्ता पिनकोडासह, दोन आरत्या, मनाच्या श्लोकांपैकी काही, आणि आत्या, मावशी, मामी, काकू, जाऊ, नणंद ही नाती त्यांच्या खऱ्या मराठी नावांनी. ‘आंटी’ या एका खणात या सहाही जणी कोंबल्या गेल्या आहेत. ते वर्गीकरण भातखंड्यांना मुळीच मान्य झाले नसते!

संगणकवाल्या मित्रांना शेवटी एवढेच सांगावयाचे. यादी लहान, स्थिर आणि नित्य लागणारी असेल तर खुशाल मेमरीत ठेवा. मोठी, बदलती आणि अनेकांच्या वापरातली असेल तर डेटाबेसमध्ये ठेवा, तिला न बदलणारी किल्ली लावा, सूची करा, आणि त्यातील वारंवार लागणारा भाग तेवढा हाताशी आणा. हिशेबाने निघत असेल तर साठवूच नका. आणि मंडळाच्या बाबतीत हा निर्णय करण्यास फार दिवस हाती नाहीत, कारण आपल्या सर्वांत मौल्यवान नोंदी आज अशा स्मरणात आहेत ज्याची दुसरी प्रत नाही. येत्या रविवारी पहिली वही उघडली जावी, अशी आमची विनंती आहे.